मूल होण्याच्या वयातली बाई

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली तेव्हा मी पहिल्याच दिवशी एक खोटं लिहिलं. प्रकृतीच्या फॉर्मवर एक रकाना होता : फिट, झटके वगैरे येतात का? मी 'नाही' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेल्या मुलीने माझा फॉर्म बघून आपला भरला, त्यामुळे तिनेही 'नाही' लिहिलं. तिचं मात्र खरं होतं.

मला सोळाव्या वर्षापासून फिट यायची. पहिली आली ती पाथर्डीजवळ आमच्या तिसगावला, बाजाराच्या दिवशी, आईबरोबर मेथीच्या जुड्या निवडताना. आधी पितळ घासल्यावर हाताला येतो तसा एक वास आला, मग डावा हात आपला नाही असं वाटलं, आणि पुढचं काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा तोंडाशी कुणाची तरी चप्पल होती आणि भोवती माणसं. आमच्या घरात धर्मांतरानंतर देव्हारा नव्हता, त्यामुळे देवऋषी, अंगारा हे काही झालं नाही. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी एसटीने नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्या बाबतीत मी नशीबवान होते. पण परत येताना आई बसमध्ये कानाशी लागून म्हणाली, "कुनाला सांगू नगं. तुझ्या मावशीलाबी न्हाई. पोरीची जात हाय."

मी कुणाला सांगितलं नाही, आणि या न सांगण्यातच माझी पुढची वीस वर्षं गेली.

नोकरी लागल्यावर मी नगरला सावेडीत एका बंगल्याच्या मागच्या बाजूची खोली भाड्याने घेतली. एक्सचेंजमध्ये तेव्हा ट्रंक कॉल हाताने जोडायचे. कानाला हेडसेट, समोर भोकांचा बोर्ड, हातात कॉर्ड. दिवसभर मी लोकांना लोकांशी जोडून द्यायची. कुणाचा जावई पुण्याहून बोलायचा, कुणाच्या कांद्याचा भाव लासलगावहून यायचा, कुणी मेल्याचा निरोप आधी माझ्या कानातून जायचा. मला स्वतःला मात्र कुणाचा फोन येत नसे. संध्याकाळी खोलीवर आले की घशाला आवाज उरलेला नसायचा, आणि बोलायलाही कुणी नसायचं.

फिट बहुतेक वेळा खोलीवरच यायची. का, तर ती येणार हे मला आधी कळायला लागलं होतं. कसं कळलं ते सांगते. खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर होतं. पाळी आली की मी त्यावर पेन्सिलने बारीक टिंब काढायची, बहुतेक बायका काढतात तसं. फिट आली की फुली मारायची, डॉक्टरांना सांगता यावं म्हणून. वर्ष संपताना नवं कॅलेंडर लावायला जुनं खाली काढलं आणि सहज पानं उलटत बसले. फुल्या टिंबांच्या आसपासच होत्या. टिंबाच्या आधी दोन-तीन दिवस, नाहीतर टिंबाच्या दिवशी. महिन्याच्या मधे एखाददुसरीच. मी पलंगाच्या कडेवर बसून पुन्हा जानेवारीपासून बघितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, हे दुखणं मनात येईल तेव्हा येतं. त्याला वेळापत्रक होतं.

तेव्हापासून त्या दिवसांत मी रजा टाकायची, किंवा तब्येत बरी नाही असं सांगून बोर्डाऐवजी तक्रार नोंदवायच्या टेबलावर बसायची. सुपरवायझर बाई म्हणायच्या, "तुझं दर महिन्याला फारच असतं बाई." मी मान खाली घालायची. पोटदुखीचं कारण बायकांना पटत होतं. खरं कारण पटलं नसतं.

मेंदूच्या डॉक्टरांना मात्र सांगायचं ठरवलं. कॅलेंडरची गुंडाळी करून घेऊन गेले. वर्तमानपत्रात बांधली होती, कुणाला दिसू नये म्हणून. डॉक्टर हुशार होते, लांबलांबचे पेशंट त्यांच्याकडे यायचे. मी टेबलावर कॅलेंडर उलगडलं आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांनी दोन पानं बघितली.

"हे टिंब कशाचं?"

"पाळीचं."

त्यांनी कॅलेंडर परत माझ्याकडे सरकवलं. "बाई, पाळी कुठे, मेंदू कुठे. त्या दिवसांत बायकांना टेन्शन येतं, झोप नीट होत नाही, म्हणून झटके वाढतात. गोळी चुकवू नका. लग्न झालंय?"

"नाही."

"करून टाका. बऱ्याच मुलींना नंतर फरक पडतो."

त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. त्या गोळ्यांनी माझ्या हिरड्या सुजल्या होत्या आणि ओठावर, हनुवटीवर केस यायला लागले होते. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पुरुषाला या गोळ्या दिल्या आणि ओठावर केस आले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, हे त्या दिवशी जिन्यावरून उतरताना मनात आलं.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ अगदी जवळ आलं होतं. सोनईच्या बाजूचा मुलगा, शिक्षक, स्वभावाने शांत. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर आम्हाला दहा मिनिटं बोलायला दिली. मी त्याला सांगून टाकलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." आठ दिवसांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. आमच्यात पत्रिका बघतच नव्हते. आई माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. म्हणाली, "लगीन झाल्याव सांगितलं अस्तं तर काय बिघडलं अस्तं?" पुढे सगळे भावाच्या संसारात गुंतले आणि माझ्या लग्नाचं बोलणं मागे पडलं.

आमच्या खात्यात एक लाइनमन होता. माझ्याच वयाचा, पाथर्डीकडचाच. त्याला फिट येते हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. एकदा तो खांबाखालीच पडला होता. साहेबांनी त्याचं खांबावर चढायचं काम बंद केलं आणि त्याला स्टोअरला बसवलं. त्याचं लग्न झालं होतं, दोन मुलं होती. सासऱ्याला आधीपासून माहीत होतं. बायको रोज सकाळी भाकरीबरोबर गोळी हातात ठेवते, असं तो कौतुकाने सगळ्यांना सांगायचा. मी ते ऐकायची आणि डबा बंद करायची. त्याचा राग नव्हता. फक्त त्याला किती सहज बोलता येतं याचं मला नवल वाटायचं.

एकदा त्याने ऑफिसात बातमी आणली. शहरात एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर येणार होते, फिटवरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास करायला. ज्यांना जुन्या गोळ्या लागू पडत नाहीत त्यांना दोन वर्षं ती गोळी देऊन बघणार होते. मी रजा टाकली आणि गेले. रांगेत तो माझ्या पुढे तीन माणसं सोडून उभा होता. त्याने मागे वळून बघितलं, मला ओळखलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई? तुमी? कुनाला घिऊन आलात?"

"कुणाला नाही. मीच."

तो रांग सोडून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "कधीपास्नं?"

"सोळाव्या वर्षापासून."

"आन् ऑफिसात कुनाला…?"

"नाही."

त्याने मान हलवली. रांग पुढे सरकली तसा माझ्याबरोबरच उभा राहिला.

टेबलावर एक तरुण डॉक्टर बाई बसली होती, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. तिने आधी त्याची माहिती घेतली, वजन केलं, रक्त घेतलं, आणि एका कागदावर सही करायला सांगितली. मग माझा नंबर. नाव, वय. तिने माझ्याकडे वर बघितलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"सॉरी. तुम्हाला घेता येणार नाही."

"का?"

"मूल होण्याच्या वयातल्या बायका यात घ्यायच्या नाहीत, असा नियम आहे. गोळीचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होईल ते माहीत नाही."

"माझं लग्न झालेलं नाही."

ती थोडी गोंधळली. "ते खरं, पण आम्ही तसं गृहीत धरू शकत नाही."

माझ्या मागून लाइनमन म्हणाला, "डाक्टरीनबाई, मग मला काय पोरं व्हत न्हाईत का?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. डॉक्टर बाईही हसली, पण लगेच गंभीर झाली. "भाऊ, तुमच्या पोटात नाही ना वाढत." मग मला म्हणाली, "बायकांच्या हार्मोन्समुळे आकडे वरखाली होतात. अभ्यास स्वच्छ राहत नाही. मला वाईट वाटतं, पण मी काही करू शकत नाही."

माझ्या पिशवीत तीन वर्षांची कॅलेंडरं होती. जे वरखाली होतं तेच मी लिहून आणलं होतं. ती बाहेर काढावीत असं वाटलं, पण मागे रांग होती. मी उठले. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून आणखी चार-पाच बायका बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाबरोबर सासू. त्यांनाही नाहीच म्हटलं होतं. एकीने मला विचारलं, "तुमालाबी न्हाई घेतलं?" मी नाही म्हटलं. ती सरकून बसली, मला जागा दिली. मी दहा मिनिटं तिच्याजवळ बसले.

तीन-चार महिन्यांनी लाइनमन चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. "ताई, तवापास्नं एक बी न्हाई. एक बी! बायको म्हनती, तुमी झोपेत दात खायचं बी बंद केलं." मला मनापासून बरं वाटलं. मग त्याने इकडेतिकडे बघून खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या रजिस्टरखाली सरकवली.

"दहा हायेत. दिसाला दोन देत्यात, मी एकच खातो दहा दिसांपास्नं. तुमी घिऊन बघा. लागू पडली तर आनखी काढीन."

मी घाबरले. पण पुडी परत दिली नाही. ती घरी आणली आणि डब्यात ठेवली. दोन दिवसांनी माझे ते दिवस येणार होते. पुडी उघडून बघितली. लहान, पिवळसर गोळ्या होत्या. मी ग्लासात पाणीही ओतून घेतलं होतं. खरंच सांगते, नियम आठवला म्हणून मी थांबले नाही. मला त्याची बायको आठवली, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. त्याच्या वाट्याची गोळी मी खाल्ली आणि तो पुन्हा कुठे पडला, तर ती मला कधी विचारायला येणार नाही, पण मला ते माहीत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टोअरला जाऊन पुडी त्याच्या हातात दिली.

"दोन खा. नेमाने," मी म्हटलं.

"आवं पन तुमचं…"

"माझं बघते मी."

त्याच आठवड्यात मला खोलीत फिट आली. कपाळ स्टोव्हच्या कडेला लागलं, थोडक्यात निभावलं. ऑफिसात 'कपाटाचं दार लागलं' म्हणून सांगितलं. स्टोअरमधून त्याने माझ्या कपाळावरची पट्टी बघितली आणि नजर वळवली.

दोन वर्षांनी त्यांचा अभ्यास संपला आणि गोळ्याही संपल्या. ती गोळी बाजारात मिळत नव्हती. त्याची जुनी गोळी पुन्हा सुरू झाली आणि फिटही. एके दिवशी सायकलवरून पडून त्याचे पुढचे दोन दात गेले. मला म्हणाला, "दोन वरीस मानसागत जगलो, ताई." त्यानंतर त्याची बदली नेवाशाला झाली. कधीमधी लाइन तपासायच्या निमित्ताने तो बोर्डावर फोन करायचा आणि विचारायचा, "बरं हाय का?" मी "बरं आहे, तुमचं?" म्हणायची. दोघांनाही कळायचं कशाबद्दल बोलतोय. मला येणारा तो एवढाच फोन होता.

मी त्या अभ्यासाच्या मोठ्या डॉक्टरांना एक पत्र लिहिलं. तीन कॅलेंडरांतली सगळी टिंबं आणि फुल्या फुलस्केपवर आखून उतरवल्या, डिक्शनरी घेऊन इंग्रजीत मजकूर केला. माझं नाव, हुद्दा, पत्ता सगळं खरं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला फिट येते हे सहीनिशी कागदावर आलं. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोचपावती परत आली, तिच्यावर कुणाची तरी घाईघाईतली सही होती. उत्तर आलं नाही. वर्षभर मी पोस्टमनची सायकल आवाजावरून ओळखत होते.

नंतर माझी पाळीच अनियमित झाली म्हणून सावेडीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. पिकलेले केस, मोठा चष्मा, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी पाळीच्या तारखा विचारल्या. माझ्याकडे तारखा म्हणजे तीच कॅलेंडरं. त्या पानं उलटत गेल्या आणि विचारलं, "या फुल्या?"

"फिट."

त्या पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. एक एक महिना बोटाने मोजत शेवटपर्यंत आल्या. तेवढा वेळ माझ्या त्या कागदांना कुणी दिला नव्हता.

"हे मेंदूवाल्यांना दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाले संबंध नाही."

"मी मेंदूची डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "पण मला डोळे आहेत." त्यांनी तिथेच फोन उचलला आणि त्या डॉक्टरांशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलल्या. जे मी सांगितलं होतं तेच त्या सांगत होत्या. पलीकडून 'हो, हो, असू शकतं' असं काहीतरी आलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "असू शकतं नाही, आहे." पुढच्या भेटीत मेंदूच्या डॉक्टरांनी त्या पाच-सहा दिवसांपुरती एक वेगळी गोळी लिहून दिली. मागची भेट त्यांना आठवत नव्हती. मीही आठवण करून दिली नाही.

फिट निम्म्याहून कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ती नवी गोळी बाजारात आली. मी ती हातात घेतली तेव्हा ओळखली. डॉक्टरांना विचारलं, "ही बायकांना देऊन बघितलीय का?" ते म्हणाले, "कंपनीने बघितलंच असेल की." मी नेवाशाला फोन लावला आणि लाइनमनला सांगितलं. तो आनंदाने ओरडलाच. त्याला ती लागू पडली, पूर्वीसारखीच. मलाही तेवढीच मात्रा दिली होती. माझं वजन त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. पाचव्या दिवसापासून मला जमीन हलल्यासारखी वाटायला लागली. डॉक्टरांना सांगू म्हणेपर्यंत रविवार आला. सकाळी अंघोळीला गेले, नळ सोडला आणि चक्कर येऊन पडले. दार आतून बंद होतं. फिट नव्हती ती, मी शुद्धीवर होते, पण उठता येईना. गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहिलं. घरमालकीण काकू बाहेरून ओरडत होत्या, "अगं, नळ बंद कर! सगळं पाणी घालवलंस!" मला आवाजच फुटत नव्हता. शेवटी भिंत धरून मीच कशीबशी उठले आणि कडी काढली.

नंतर मात्रा कमी केली आणि चक्कर गेली. पण त्या दिवशी ओल्या फरशीवर पडल्या पडल्या मला पहिल्यांदा भीती वाटली, की मी इथे मेले तर नळामुळेच कळेल. दोन दिवसांनी मी काकूंकडे गेले. त्या नातवाला मऊ भात भरवत होत्या. मी सगळं सांगितलं. तोंडाशी चप्पल धरू नका, दातात चमचा घालू नका, फक्त कुशीवर वळवा आणि थांबा. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या. पोराने तोंड उघडं ठेवलं होतं.

"इतकी वर्षं राहतेस," त्या म्हणाल्या, "आणि बोलली नाहीस."

"घाबरत होते. खोली सोडायला लावाल म्हणून."

त्यांनी खोली सोडायला लावली नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी नातवाला माझ्याकडे खेळायला पाठवलं नाही. पूर्वी तो रोज यायचा, माझ्या हेडसेटची जुनी वायर ओढायचा. मला ते फार लागलं. त्यांचं चूक आहे असंही म्हणता येईना.

त्या रोज सकाळी सातला मात्र माझ्या दारावर दोनदा टकटक करायला लागल्या. आत यायच्या नाहीत. मी आतून "उठलेय, काकू" म्हणायची. त्या "बरं" म्हणायच्या, आणि त्यांच्या सपाता फरशीवरून परत जाताना ऐकू यायच्या. मी खोली सोडेपर्यंत हे चाललं, एकही दिवस चुकला नाही.